मैत्रीची सुरुवात आपल्यापासून



विहाराच्या बांधकामाची हकीकत, देणगीदारांची नावे आणि पहिल्या कमिटीचा फोटो याच स्मरणिकेत दुसऱ्या पानांवर आहे. मला संपादक मंडळाने वेगळा विषय दिला. त्याला कारण घडलं ते असं.

गेल्या पावसाळ्यात आपल्या विहारात सकाळचा योगवर्ग सुरू झाला. वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी शिकवते. आसनं झाली की शेवटची पंधरा मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं आणि मग ‘मी सुखी होवो’ असं मनातल्या मनात म्हणायचं. दोन-तीन आठवड्यांत कुरबूर सुरू झाली. आपले एक जुने कार्यकर्ते मिटिंगमध्ये उभे राहून म्हणाले, “हे योगाबिगा त्यांचं आहे. बाबासाहेबांनी आपल्याला त्यातनं बाहेर काढलं, तुम्ही परत मागच्या दारानं ते आत आणताय.” त्यांचा राग मला समजतो. पण त्याच आठवड्यात एक ताई भेटल्या. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी दोन मुलं शिकवली. त्या म्हणाल्या, “दादा, श्वासाचं जमतं हो. पण ‘मी सुखी होवो’ म्हणताना लाज वाटते. आपण कोण असं मागणारे?”

मी घरी आलो, पण ताईंचं बोलणं डोक्यातून जाईना. जुन्या कार्यकर्त्यांचा प्रश्न हक्काचा आहे आणि ताईंचा प्रश्न जखमेचा आहे. दोन्हींची उत्तरं इतिहासात सापडतात. मी काही पंडित नाही. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं, जुन्या लोकांकडून जे ऐकलं, त्यातलं जे पक्कं आहे तेवढंच लिहितो.

आधी शब्दाचं बघू. ज्याला आज शहरातले शिकलेले लोक ‘माइंडफुलनेस’ म्हणतात, तो आपल्या पालि भाषेतला ‘सति’ हा शब्द. ऱ्हीस डेव्हिड्स नावाच्या इंग्रज विद्वानाने १८८१ साली सुत्तांचं भाषांतर करताना ‘सति’साठी हा इंग्रजी शब्द वापरला आणि तोच जगभर रूढ झाला. सति म्हटलं की आपल्या आयाबहिणींच्या डोळ्यांसमोर नवऱ्याच्या चितेवर चढवलेली बाई येते. तिचा इथे काही संबंध नाही. पालि ‘सति’ म्हणजे संस्कृत ‘स्मृति’. आता स्मृती म्हटलं की आपल्याला मनुस्मृती आठवते! २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी एक स्मृती जाळली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला अष्टांगिक मार्गातली सम्यक स्मृती आपल्या ओंजळीत घातली. शब्द एकच, पण एक माणसाला खाली दाबणारी आणि दुसरी माणसाला जागं ठेवणारी. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सम्यक स्मृतीचा अर्थ मनाची सततची जागृती, मनाने विकारांवर ठेवलेला पहारा असा सांगितला आहे. तेव्हा डोळे मिटून बसणं म्हणजे झोपणं नव्हे, एवढं पहिल्यांदा ध्यानात घ्यावं.

आता ‘योग त्यांचा की आपला’. बाबासाहेबांच्या त्याच ग्रंथात गृहत्यागानंतरच्या गौतमाचं शिक्षण सविस्तर आहे. त्या काळी ध्यानाचे जे पंथ होते त्यांत श्वासावर लक्ष ठेवणारे होते, पूरक-कुंभक-रेचक असा प्राणायाम करणारे होते, समाधीचा अभ्यास करणारे होते. गौतम सगळीकडे गेला, शिकला, करून पाहिलं. आळार कालामाकडे गेला, उद्दक रामपुत्ताकडे गेला. न करताच नाकारणारा तो माणूस नव्हता. शेवटी त्याने शरीराला दंड देण्याचाही रस्ता धरला. मज्झिम निकायातल्या महासच्चक सुत्तात ही हकीकत स्वतः भगवंताच्या तोंडून येते. नाकातोंडाचा श्वास कोंडला, तेव्हा लोहाराच्या भात्यातून वारा सुटावा तसा कानांतून आवाज करत वारा निघू लागला. डोकं कोणी वादीने आवळल्यासारखं दुखू लागलं. अन्न सोडत सोडत ओंजळभर कडधान्याच्या कढणावर आला. बरगड्या पडक्या घराच्या वाशांसारख्या दिसू लागल्या, पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागे. सहा वर्षांची ही कथा आपण दर बुद्धपौर्णिमेला ऐकतो, पण सुजाताच्या खिरीवर घाईने येतो. खिरीच्या आधी एक गोष्ट घडली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

त्या हाडांच्या सापळ्याला लहानपण आठवलं. वडील शेतावर होते आणि लहानगा सिद्धार्थ जांभळीच्या गार सावलीत एकटा बसला होता. मन आपोआप शांत झालं होतं आणि त्या शांततेत सुख होतं. गौतमाने स्वतःला विचारलं की ज्या सुखाने कोणाचं वाईट होत नाही, त्या सुखाला आपण का घाबरतो? मग त्याने जेवायचं ठरवलं. पाच सोबती ‘हा ढिला पडला’ म्हणून सोडून गेले. शरीर शत्रू नाही, मनाला मारून काही मिळत नाही, हा मध्यम मार्ग तिथून निघाला. ताईंना जी लाज वाटते, ती अशी खुद्द गौतमालाही झटकावी लागली होती.

योगसूत्रं रचणारा पतंजली त्यानंतर काही शतकांनी झाला. त्याच्या पहिल्या पादातल्या तेहतिसाव्या सूत्रात मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे चारही शब्द त्याच क्रमाने येतात, आणि आपल्याकडे हेच चार ब्रह्मविहार आहेत. म्हणून ‘हे त्यांचं, हे आपलं’ अशी भिंत इतकी सरळ घालता येत नाही. भल्या सकाळी पाठ-कंबर मोकळी केली तर धम्म बुडत नाही. मात्र वर्गाच्या नावाखाली कोणी देवाच्या मूर्ती आणि मंत्र आणू लागला तर मीच पहिला उठून उभा राहीन, हेही इथेच सांगून ठेवतो.

श्वासाच्या ध्यानाला आनापानसति म्हणतात. सतिपट्ठान सुत्तात त्याची रीत आहे. लांब श्वास घेतला तर लांब घेतला हे जाणायचं, आखूड घेतला तर आखूड हे जाणायचं. श्वास ओढायचा नाही, कोंडायचा नाही, सुधारायचाही नाही. इथे भगवंतांनी उपमा दिली आहे ती कातारी कारागिराची, म्हणजे आपल्या वर्कशॉपमधल्या टर्नरची. लांब फेर घेतोय की आखूड, हे हुशार टर्नरला हाताखाली कळत असतं. राजाची किंवा ऋषीची उपमा नाही, कामगाराची आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. मी स्पिनिंग खात्यात काम केलं. साच्यावर धागा सारखा तुटतो. तुटला की आपण धाग्याला शिव्या देत बसत नाही, सांधतो आणि पुढच्या तुटलेल्या धाग्याकडे जातो. मन श्वासावरून सुटलं की तसंच करायचं. नवीन माणूस काय करतो? मन सुटलं की स्वतःवर चिडतो, ‘मला हे जमणार नाही, माझं डोकंच तसलं’ म्हणतो. तो ध्यान सोडून धाग्याला शिव्या देत बसलेला असतो.

आता मैत्रीकडे येऊ. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी सिंहलद्वीपात ‘विसुद्धिमग्ग’ हा थोर ग्रंथ लिहिला. त्यात मैत्री भावनेची पायरी-पायरीने रीत आहे. पहिल्या पायरीवर मित्र नाही, आईवडील नाहीत, भगवंत सुद्धा नाहीत. पहिल्या पायरीवर आपण स्वतः आहोत. मी सुखी होवो, माझं दुःख जावो. मग आदराचा-प्रेमाचा माणूस, मग ज्याच्याशी देणं ना घेणं असा माणूस, मग वैरी, आणि शेवटी सगळे जीव. आपण पहिले का? तर साक्षीदार म्हणून. मला सुख हवं, दुःख नको, तसंच समोरच्यालाही, हे ज्याला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक नाही तो दुसऱ्याची कळकळ कुठून आणणार?

आधार म्हणून बुद्धघोष मल्लिका राणीच्या प्रसंगातलं बुद्धवचन देतात. मल्लिका ही माळ्याची मुलगी, फुलांचे हार करणाऱ्या घरातली, कोसलच्या पसेनदी राजाची राणी झाली. राजाने एकदा लाडात विचारलं, तुला स्वतःपेक्षा जास्त प्रिय असं कोणी आहे का? राजाला ‘तुम्ही’ हे उत्तर हवं होतं. मल्लिकेने खरं सांगितलं, की नाही, कोणी नाही. आणि उलट त्यालाच विचारलं, तुम्हाला? राजालाही कबूल करावं लागलं. तो विचारात पडून भगवंतांकडे गेला. भगवंत मल्लिकेला रागावले नाहीत. म्हणाले, खरं आहे, प्रत्येकाला स्वतःचा जीव सगळ्यांत प्रिय असतो, म्हणूनच ज्याला आपला जीव प्रिय आहे त्याने दुसऱ्याला पीडा देऊ नये. माळ्याच्या लेकीने राजवाड्यात उभं राहून हे बोलावं! आपल्या महिला मंडळाने ही गोष्ट बालवर्गात जरूर सांगावी.

पण बुद्धघोष इथेच इशाराही देतात. नुसतं ‘मी सुखी, मी सुखी’ शंभर वर्षं केलं तरी ध्यान लागायचं नाही. पहिली पायरी ही पायरी आहे, माडी नव्हे. आणि पुढे एक जबरदस्त दृष्टांत आहे. चौघे बसले आहेत. एक ध्यान करणारा स्वतः, एक त्याचा लाडका, एक त्रयस्थ आणि एक वैरी. तिथे दरोडेखोर येतात आणि बळी देण्यासाठी एक माणूस मागतात. ध्यान करणाऱ्याने ‘वैऱ्याला न्या’ म्हटलं तर त्याची मैत्री कच्ची, हे आपणही सांगू. पण ‘मला न्या, या तिघांना सोडा’ म्हटलं तरी ती कच्चीच! कारण त्याने चौघांतल्या एकाचं वाईट चिंतलंच, तो एक स्वतः असला म्हणून काय झालं? चौघांपैकी एकही देण्यासारखा त्याला दिसत नाही, तेव्हा मैत्रीच्या सीमा मोडल्या.

हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आपल्या घरातल्या बाया सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खातात, त्याला आपण त्याग म्हणतो. चळवळीतली माणसं घर, तब्येत, मुलांचं शिक्षण वाऱ्यावर सोडतात आणि पन्नाशीत झिजून जातात, त्यांचे आपण सत्कार करतो. ‘मला न्या’ म्हणणाऱ्यांचीच आपली परंपरा. दीड हजार वर्षांपूर्वीचा एक भिक्खू सांगतो की ही मैत्री अजून पुरी नाही.

हा ग्रंथ मराठी माणसापर्यंत कसा आला, ती हकीकत गिरणगावाशी जोडलेली आहे. धर्मानंद कोसंबी १८७६ साली गोव्यात साखवाळ गावी जन्मले. जातीने सारस्वत, शिक्षण बेताचं. तरुणपणी मनाने फार खचलेले असत. ‘बालबोध’ मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि १८९९ च्या अखेरीस घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया असं हिंडत, अन्नछत्रात जेवत ते १९०२ साली सिलोनला पोचले, पालि शिकले, पुढे ब्रह्मदेशात राहून ध्यानाचा अभ्यास केला. नंतर अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात जाऊन ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाचं काम केलं, आणि आपल्यासारख्यांसाठी त्याच ध्यानमार्गाची ओळख करून देणारं ‘समाधिमार्ग’ हे छोटं पुस्तक मराठीत लिहिलं. त्यांच्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःचा कमकुवतपणा, मनाचे पडते दिवस लपवले नाहीत. स्वतःला शिव्याही घातल्या नाहीत. आहे ते आहे असं लिहिलं.

याच कोसंबींनी १९३७ साली मुंबईत परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभा केला आणि काही काळ तिथे राहिले. पैसा बिर्लांचा होता. गिरणीमालकाच्या पैशाने गिरणी कामगारांचा विहार, याची गंमत वाटते, पण भोंग्याच्या हाकेच्या अंतरावर, दीक्षेच्या जवळजवळ वीस वर्षं आधी, विहार होता ही गोष्ट आपल्यातल्या थोड्यांनाच ठाऊक आहे. ४ जून १९४७ ला सेवाग्रामला त्यांनी आजारपणात अन्न सोडून देह ठेवला. मध्यम मार्ग मराठीत आणणाऱ्या माणसाचा असा शेवट मला पटत नाही. पण त्यांचं ऋण त्यामुळे कमी होत नाही.

धम्मदीक्षेनंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ ला, बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. लाखो लोक बौद्ध झाले होते आणि शिकवायला माणसं नव्हती. त्या दिवशी संघरक्षित नावाचे इंग्रज भिक्खू नागपुरात होते. ज्या भदंत चंद्रमणींनी बाबासाहेबांना दीक्षा दिली, त्यांनीच १९४९ साली कुशीनगरला त्यांना श्रामणेर केलं होतं. कस्तुरचंद पार्कवर जमलेल्या, रडणाऱ्या लोकांपुढे ते बोलले आणि पुढचे काही दिवस वस्त्यावस्त्यांतून बोलत राहिले. १९६७ साली त्यांनी लंडनला स्वतःचा संघ काढला.

आणि आता आमच्या जुन्या कार्यकर्त्यांनी खास ऐकावी अशी गोष्ट. त्या संघातला लोकमित्र नावाचा तरुण १९७७ साली भारतात आला तो पुण्याला बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे योग शिकायला! त्याच दौऱ्यात तो नागपूरला उतरला, तो दिवस निघाला धम्मदीक्षेच्या एकविसाव्या वर्धापनाचा. त्याला व्यासपीठावर नेलं आणि समोर अफाट जनसमुदाय. पुढच्या वर्षी तो पुण्याला राहायलाच आला. त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचं काम सुरू झालं. दापोडीसारख्या वस्तीत दवाखाना आणि शिक्षणाचं काम, भाजे लेण्यांच्या पायथ्याशी शिबिरं. त्या शिबिरांत रोज दोन ध्यानं शिकवली जात, आनापानसति आणि मैत्री भावना. योगासनं शिकायला आलेला माणूस आपल्या वस्तीत राहिला आणि बुद्धघोषांची पहिली पायरी आपल्या माणसांना मराठीतून मिळाली. ‘मागच्या दारानं’ काय आलं आणि कोण आलं, हे यावरून ठरवावं. २०१० पासून त्या संघाचं नाव त्रिरत्न बौद्ध महासंघ आहे.

दुसरी वाट ब्रह्मदेशातून आली. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोएंका डोकेदुखीने बेजार होऊन १९५५ साली रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, आणि १९६९ साली भारतात येऊन मुंबईत पहिलं शिबिर घेतलं. १९७६ पासून इगतपुरीचं धम्मगिरी सुरू आहे. आपल्यातले बरेच जण दहा दिवस तिथे बसून आले आहेत, म्हणून जास्त लिहीत नाही. तिकडे अमेरिकेतही १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी श्वासाचं ध्यान आणि योगासनं एकत्र करून दुखण्याने त्रासलेल्या रुग्णांचे वर्ग सुरू केले. आज तेच पैसे भरून विकत मिळतं. आपल्या विहारात फुकट आहे म्हणून त्याची किंमत कळत नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे. ‘स्वतःला आहे तसं स्वीकारा’ हे वाक्य आपल्या माणसाला सांगताना जीभ अडखळली पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला हेच सांगितलं गेलं की आहे ते नशीब, स्वीकारा. बाबासाहेबांनी महाडला आयाबहिणींना सांगितलं ते उलटं होतं: अस्पृश्यतेची ओळख सांगणारी लुगड्याची रीत आणि दागिने टाका, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा. मग मैत्रीची पहिली पायरी याच्या विरुद्ध जाते का? मला वाटतं, नाही. स्वीकारायचा तो आपला जीव, आपलं शरीर, आपलं चुकणारं मन. अपमान स्वीकारायचा नाही. स्वतःला कवडीमोल समजणारा माणूस हक्क मागायला उठत नाही, आणि उठला तरी अर्ध्यात बसतो.

हे मी घरात पाहिलं आहे. १८ जानेवारी १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत माझे वडील होते. संप फिसकटल्यावर त्यांना परत कामावर घेतलं नाही. ते मालकाला, सरकारला, युनियनला, कोणालाच शिव्या देत नसत. स्वतःला देत. ‘मीच नालायक, तुम्हाला उपाशी ठेवलं’ एवढंच. मग दारू. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला माणूस संध्याकाळी विहाराच्या पायरीपर्यंत यायचा आणि आत यायचा नाही. म्हणायचा, “माझी लायकी नाही.” आईने किती वेळा हाताला धरून आत न्यायचा प्रयत्न केला. वैऱ्यालाही मैत्री द्या म्हणून आम्ही तेव्हा भाषणं ऐकत होतो. पण मधल्या पायऱ्या राहू द्या, पहिलीवर हा माणूस अडकलाय हे आम्हाला कोणालाच कळलं नाही. ते गेले तेव्हा त्यांचं वय आज माझं आहे त्यापेक्षा कमी होतं.

त्या ताईंना मी मल्लिकेची गोष्ट सांगितली. त्या हसल्या, म्हणाल्या, “राणी होती म्हणून बोलली.” मी म्हटलं, माळ्याची लेक होती म्हणून बोलली. त्यावर त्या गप्प बसल्या. पुढच्या रविवारी त्यांनी शिकवणाऱ्या मुलीला सांगितलं की ‘मी सुखी होवो’ अजून नीट तोंडात येत नाही, पण ‘माझी कंबर दुखायची थांबो’ एवढं म्हणता येतं. मुलीने सांगितलं, मावशी, तेच म्हणा, चालेल.

जुने कार्यकर्तेही दोन रविवार झाले येतात. आसनं करत नाहीत, भिंतीला पाठ टेकून खुर्चीवर बसतात आणि श्वासाच्या वेळी डोळे मिटतात. वर्ग रविवारी सकाळी सात वाजता असतो. सतरंज्या विहारात आहेत, पाण्याची बाटली आपापली आणावी.

जयभीम! नमो बुद्धाय!